अमरावतीचे शिलापट्ट कॅमेऱ्यासमोर: मद्रास, १८५८

मे आणि जून १८५८ या दोन महिन्यांत मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनीअस ट्राइप याने मद्रासच्या सेंट्रल म्युझियममध्ये ठेवलेल्या अमरावती स्तूपाच्या शिल्पांची आणि त्याच संग्रहातील इतर काही वस्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी ७५ चित्रांचा संच पुढे प्रसिद्ध झाला. १८५९ मध्ये यांतील बहुतेक शिल्पे जहाजाने लंडनला रवाना झाली, आणि पहिल्या छायाचित्रणाला पुरती दहा वर्षे होण्याच्या आत तेच दगड दुसऱ्या खंडात, दुसऱ्या माणसाने, निराळ्या हेतूने पुन्हा कॅमेऱ्यासमोर ठेवले. एकाच शिल्पसमूहाचे इतक्या आरंभीच्या काळात दोनदा झालेले छायाचित्रण, आणि त्या चित्रांच्या आधारे काढलेले निष्कर्ष पुढील उत्खननांनी तपासून घेण्याची मिळालेली संधी, या दोन गोष्टींमुळे हे प्रकरण स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे ठरते.

संग्रहालयातील शिल्पांच्या आरंभीच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की साधारणपणे इंग्लंडमधील दोन उदाहरणे पुढे येतात. हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४० च्या दशकात पॅट्रोक्लसच्या अर्धपुतळ्याची प्लास्टर प्रतिकृती अनेक कोनांतून टिपली, आणि १८५० च्या दशकात रॉजर फेंटनने ब्रिटिश म्युझियमच्या छतावर उभारलेल्या काचेच्या खोलीत संग्रहातील पुतळे चित्रित केले. ही दोन्ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, परंतु दोन्हींत छायाचित्रकारासमोर मुख्यतः सुटी, स्वयंपूर्ण शिल्पे होती. अमरावतीचे दगड तसे नव्हते. ते एका मोडलेल्या वास्तूचे अवयव होते, आणि अवयवाचे चित्र काढताना तो कोणत्या जागी बसत होता हे चित्रात कसे आणायचे, हा प्रश्न टॅल्बटपुढे कधी आलाच नाही.

दगड मद्रासला पोहोचले ते असे

कृष्णेच्या उजव्या तीरावर, आजच्या आंध्र प्रदेशातील अमरावती येथे, प्राचीन धान्यकटकालगत सातवाहनकाळी वैभवाला पोहोचलेला मोठा बौद्ध स्तूप होता. त्याची गोलाकार मेधी (घुमटाखालचा ओटा) सुमारे ५० मीटर व्यासाची होती आणि तिच्याभोवती प्रदक्षिणापथ सोडून दगडी कठडा उभा होता. कठड्याचे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची (दगडी पट्ट्या) आणि वरचे उष्णीष (कठड्याचा माथा) हे सगळेच शिल्पांकित होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्रि नायडू याने आपले ठाणे अमरावतीला हलवले आणि नव्या बांधकामासाठी त्या टेकाडातून दगड काढण्यास सुरुवात झाली. त्याच सुमारास, १७९७ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक अधिकारी कॉलिन मॅकेंझी याने ते स्थळ पाहिले. सर्वेक्षणासाठी तो १८१६ मध्ये परतला तेव्हा टेकाडाच्या मध्यभागी तळे खोदण्यात आले होते आणि बरेच दगड नाहीसे झाले होते. त्याने जे उरले होते त्याची चित्रे आपल्या नकाशाकारांकडून काढून घेतली आणि स्थळाचा आराखडाही करवून घेतला. हा आराखडा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

मद्रास सनदी सेवेतील वॉल्टर एलियटने १८४५ मध्ये पुन्हा खोदकाम केले आणि सापडलेले पट्ट मद्रासला पाठवले. तेथे ते कित्येक वर्षे उघड्यावर, ऊनपावसात पडून होते. १८५१ मध्ये एडवर्ड बाल्फोरच्या देखरेखीखाली संग्रहालय स्थापन झाले, १८५४ मध्ये ते एग्मोर येथील पॅन्थिऑनच्या वास्तूत गेले, आणि दगडांना कागदोपत्री मालक मिळाला. मच्छलीपट्टणमच्या बाजारचौकात शोभेसाठी नेऊन उभे केलेले काही पट्टही नंतर या संग्रहात आले. या समूहाला ‘एलियट मार्बल्स’ असे नाव पडले. लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून नेलेल्या शिल्पांची आठवण त्यात उघड आहे, परंतु अमरावतीचा दगड संगमरवर नसून फिकट, किंचित हिरवट झाक असलेला बारीक कणांचा चुनखडक आहे. एलियटच्या खोदकामाचा सविस्तर अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. त्यामुळे कोणता पट्ट टेकाडाच्या कोणत्या बाजूस, कोणत्या थरात, कोणत्या पट्टाशेजारी मिळाला, ही माहिती दगडांबरोबर मद्रासपर्यंत आलीच नाही. ट्राइपच्या कॅमेऱ्यासमोर जे आले ते आधीच संदर्भापासून तुटलेले होते, हे पुढील मूल्यमापनात विसरता कामा नये.

छायाचित्रकार आणि त्याचे पद

ट्राइपचा जन्म १८२२ मध्ये इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला आणि कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी म्हणून तो हिंदुस्थानात आला. १८५४ च्या अखेरीस त्याने हळेबीड आणि बेलूरच्या मंदिरांची छायाचित्रे घेतली. १८५५ मध्ये आर्थर फेअरच्या शिष्टमंडळाबरोबर तो ब्रह्मदेशात गेला आणि तेथून दोनशेहून अधिक निगेटिव्ह घेऊन परतला. कंपनीच्या संचालकांचा कल १८५५ पासून पुरातन वास्तूंच्या नोंदीसाठी चित्रकारांऐवजी छायाचित्रणाकडे वळला होता. मुंबई इलाख्यात त्याच वर्षी कॅप्टन थॉमस बिग्जची नेमणूक झाली होती आणि त्याच्यानंतर विल्यम पिगूने ते काम पुढे नेले. मद्रासमध्ये हे पद ट्राइपकडे आले. डिसेंबर १८५७ पासून काही महिने तो श्रीरंगम, तंजावर, मदुराई या भागांत फिरला. संग्रहालयातले काम त्या दौऱ्यानंतरचे.

ट्राइपच्या कीर्तीचा आधार ब्रह्मदेशातील आणि दक्षिणेतील वास्तुचित्रे हा आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तेथे त्याला रिकामी जागा, लांबवर जाणारी वाट, भिंतीची कड आणि आकाश यांचा तोल साधता येत होता. आकाश निगेटिव्हवर कोरे येई, म्हणून तो त्यावर हाताने ढग रंगवी आणि झाडांची पानेही दुरुस्त करी. संग्रहालयातील दगडांबाबत या कौशल्याला फारसा वाव नव्हता. दगड, त्याच्यामागे काहीतरी सपाट पार्श्वभूमी, आणि क्रमांक, एवढाच ऐवज हाती होता. म्हणूनच हा संच त्याच्या इतर कामापुढे कोरडा वाटतो आणि कलेच्या इतिहासकारांनी त्याच्याकडे तुलनेने कमी पाहिले आहे. परंतु संग्रहालयाच्या दृष्टीने त्या कोरडेपणातच त्याचे मोल आहे. ज्या छायाचित्रकाराला देखावा कसा रचायचा हे पक्के ठाऊक होते, त्याने येथे देखावा रचण्याचे बऱ्याच अंशी टाळलेले दिसते.

उठावशिल्प आणि प्रकाश

पूर्ण पुतळ्याचे छायाचित्र घेणे आणि उठावशिल्पाचे घेणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पुतळ्याला अनेक बाजू असतात, त्यामुळे कोणती बाजू दाखवायची हा निर्णय छायाचित्रकाराच्या माथी येतो. कलेतिहासकार हाइनरिश वोल्फलिनने १८९६ पासून लिहिलेल्या लेखांत याच निर्णयावर बोट ठेवले आणि छायाचित्रकार मनमानी कोनांतून शिल्प विकृत करतात अशी तक्रार केली. उठावशिल्पाला ही अडचण वरकरणी नाही, कारण त्याची समोरची बाजू ठरलेली असते. कॅमेरा पट्टाला समांतर ठेवला की रेषा सरळ राहतात आणि प्रमाण बिघडत नाही. मात्र कोनाचा प्रश्न सुटला तरी प्रकाशाचा प्रश्न दुप्पट कठीण होतो, कारण उठावाची सारी खोली काही बोटांची असते आणि ती केवळ सावलीतूनच कळते.

अमरावतीच्या पट्टांत ही अडचण टोकाला जाते. स्तूपाचे काम काही शतके चालले. आरंभीच्या पट्टांवरचा उठाव चपटा आहे, तर इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील पट्टांवर माणसांची एवढी दाटी आहे की एका वर्तुळाकार पदकात हत्ती, स्त्रिया, सेवक, घोडे आणि इमारतीचे कोपरे एकमेकांवर चढलेले दिसतात आणि काही अवयव पार्श्वभूमीपासून जवळजवळ सुटे कोरलेले आहेत. चपट्या उठावाला कडेने येणारा तिरपा प्रकाश हवा, नाहीतर आकृती दिसतच नाहीत. दाट, खोल उठावावर तोच तिरपा प्रकाश पडला तर पुढची आकृती मागच्या आकृतीवर काळी सावली टाकते आणि मधले सगळे तपशील गडप होतात. म्हणजे एका संग्रहातील शेजारी ठेवलेल्या दोन पट्टांना एकाच वेळी एकच उजेड मानवत नाही.

टॅल्बटने याच प्रश्नावर एक सोपा उपाय सुचवला होता. उन्हात पुतळ्याच्या एका बाजूला दाट सावली पडते, तेव्हा साहाय्यकाने त्या बाजूस थोड्या अंतरावर पांढरे कापड धरावे, म्हणजे परावर्तित प्रकाशाने सावलीतले भाग किंचित उजळतात. ढगाळ दिवशीही चांगले चित्र मिळते, हेही त्याने नमूद केले होते. पुतळा थोडा फिरवता येतो हा त्याचा तिसरा फायदा होता. शेकडो किलो वजनाचा शिलापट्ट मात्र ऊन बदलले म्हणून फिरवता येत नाही, त्यामुळे उन्हाने फिरून येईपर्यंत थांबणे हाच मार्ग उरतो.

त्यात मद्रासचा मे-जून. मद्रास सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य २३.४ अंशांपर्यंत उत्तरेला गेलेला असतो, म्हणजे भर दुपारी तो डोक्यावरून जेमतेम दहा अंश उत्तरेकडे झुकलेला असतो. अशा वेळी उभ्या पट्टाचे तोंड उत्तरेला असेल तर ऊन वरून खाली, दगडाला घासत येते. भुवयांखाली, हनुवटीखाली, पदकाच्या वरच्या कडेखाली लांब काळे पट्टे उमटतात. तोंड दक्षिणेला असेल तर संपूर्ण पट्ट सावलीत जातो, आणि सावलीतला उजेड सौम्य असला तरी उठाव सपाट करतो. उपयोगी तिरपे ऊन सकाळी आणि दुपार उतरल्यावर मिळते, पण नेमक्या त्याच वेळा पट्टाच्या दिशेवर अवलंबून राहतात. दालनाच्या आतल्या अंधुक उजेडात काम करायचे तर प्रकाशदर्शन (निगेटिव्हवर उजेड पडू देण्याचा वेळ) फारच लांबते. शिवाय उन्हाळ्याच्या उष्म्यात रासायनिक द्रावणे नीट वागत नाहीत, हे त्या काळच्या हिंदुस्थानातील प्रत्येक छायाचित्रकाराचे गाऱ्हाणे होते.

आणखी एक मर्यादा चित्र पाहणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. कागद असो वा काच, त्या काळच्या निगेटिव्हवरील चांदीचे क्षार निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. पिवळा आणि तांबडा त्यांना जवळजवळ दिसतच नसे. उघड्यावर पडलेल्या फिकट चुनखडकावर मातीचे पिवळट डाग आणि लोहाचा तांबूस थर चढतो. डोळ्याला ते डाग फिके वाटतात, पण निगेटिव्हला ते काळसर भासतात आणि कागदी प्रतीत गडद उमटतात. उलट, नुकताच टवका उडालेली जागा पांढरी फटक दिसते. त्यामुळे १८५० च्या दशकातील अशा चित्रात एखाद्या आकृतीच्या गालावर दिसणारा अंधार हा खोलगट कोरीवकाम आहे, सावली आहे की केवळ मातीचा डाग आहे, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. दगडाची झीज ठरवण्यासाठी आज ही चित्रे पुराव्यादाखल वापरली जातात तेव्हा ही खबरदारी पहिली घ्यावी लागते.

याशिवाय ट्राइपच्या संचातील अनेक चित्रांत एकेका पट्टाऐवजी काही तुकडे एकत्र मांडून टिपलेले आहेत. कारण समजण्यासारखे आहे: प्रत्येक निगेटिव्ह स्वतंत्रपणे तयार करावी, धुवावी लागे, आणि तिच्यावरून निघणारी प्रत कागदाला निगेटिव्ह चिकटवून उन्हात छापली जात असल्याने नेमकी तिच्याच आकाराची निघे. लहान तुकड्यांना प्रत्येकी एक निगेटिव्ह देणे परवडणारे नव्हते. परंतु एका चौकटीत आलेले तुकडे आकार जुळतात म्हणून किंवा चौकट भरावी म्हणून शेजारी आलेले असतात. मूळ वास्तूत ते शेजारी होते असा त्याचा अर्थ होत नाही. पाहणाऱ्याचा डोळा मात्र हा भेद करत नाही. शिवाय वेगवेगळ्या समूहांचे प्रमाण वेगवेगळे राहिल्यामुळे दोन चित्रांतील दोन तुकडे एकमेकांशी जुळतात का, हे चित्रांवरून तपासता येत नाही.

ट्राइपच्या संचाकडून तशी अपेक्षाही नव्हती. या संग्रहात काय आहे हे दूरच्या अभ्यासकाला आणि सरकारला दाखवणे हा त्याचा हेतू होता, आणि तो त्याने पार पाडला. पुढे त्याचे पद फार काळ टिकले नाही. १८५९ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स ट्रेव्हेल्यनने छायाचित्रणाचा हा खर्च सरकारच्या तत्कालीन आर्थिक स्थितीला न शोभणारी चैन ठरवला आणि काम गुंडाळण्यात आले.

लंडनमध्ये दुसरी फेरी

१८५९ मध्ये पाठवलेले १२१ नग लंडनला पोहोचले तेव्हा त्यांना ठेवायला जागा नव्हती. काही काळ ते साउथवर्कमधील एका धक्क्यावर पडून राहिले. कंपनीची लेडनहॉल स्ट्रीटवरील इमारत पाडली गेली, तिच्यातील इंडिया म्युझियम फाइफ हाउस येथे गेले आणि दगडही तिकडे गेले. त्यांतील काही तेथील गाडीखान्यात ठेवले गेले, तर काही बाहेरच्या भिंतीवर लावले गेले आणि लंडनच्या धुरकट, दमट हवेत झिजले. मद्रासमधली वर्षानुवर्षांची उघडी अवस्था आणि ही नवी उघडी अवस्था यांच्या मधोमध ट्राइपची चित्रे येतात. त्यामुळे लंडनमध्ये नष्ट झालेला एखादा तपशील मद्रास सोडताना दगडावर होता की नव्हता, हे ठरवण्याचे दुसरे साधन क्वचितच उपलब्ध आहे.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी हिंदुस्थानी वास्तूंची छायाचित्रे गोळा करताना जेम्स फर्ग्युसनचे लक्ष या दगडांकडे गेले. छायाचित्रांच्या शोधात निघालेल्या माणसाला स्वतः दगडच सापडावेत, हा योगायोग या प्रकरणाला साजेसा आहे. फर्ग्युसन वास्तूचा इतिहासकार होता, त्यामुळे त्याला सुटे पट्ट नको होते, स्तूप हवा होता. इंडिया म्युझियममध्ये काम करणाऱ्या विल्यम ग्रिग्जकडून त्याने दगडांची एकाच प्रमाणातील छायाचित्रे करवून घेतली. मग ती कागदावर शेजारी शेजारी मांडून, जुळवून, त्याने कठड्याचा विस्तार उभा केला. १८६८ मध्ये सांचीच्या सामग्रीबरोबर हे सगळे त्याच्या मोठ्या ग्रंथात प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर अमरावती यूरोपीय अभ्यासकांच्या नजरेत भरली.

ट्राइप आणि ग्रिग्ज यांच्या कामांतील फरक तांत्रिक कौशल्याचा नाही, प्रश्नाचा आहे. ट्राइपपुढचा प्रश्न होता: संग्रहात काय आहे? ग्रिग्जच्या चित्रांपुढचा प्रश्न होता: हे सगळे मिळून काय होते? पहिल्यासाठी प्रत्येक चित्र स्पष्ट असले की पुरे. दुसऱ्यासाठी प्रत्येक चित्र दुसऱ्या प्रत्येक चित्राशी तुलना करता येईल असे असावे लागते, आणि त्यासाठी प्रमाण समान ठेवणे ही एकच अट सगळ्या सौंदर्यविचारापेक्षा वरचढ ठरते. दगडांचे वजन हलवण्याची गरज नाहीशी करून त्यांची जुळवणी टेबलावर आणणे, ही सोय छायाचित्रणाने प्रथमच दिली होती.

आतला कठडा

बाहेरच्या कठड्याची फर्ग्युसनची जुळवणी बऱ्याच अंशी टिकली. याचे कारण कठड्याच्या रचनेतच आहे. खांबावर मधोमध पूर्ण पदक, वर आणि खाली अर्धपदके. दोन खांबांमध्ये पदके असलेल्या आडव्या सूची. आणि वर सलग धावणारे उष्णीष. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. ज्या रचनेत पुनरावृत्ती असते तिचे काही नमुने हाती आले तरी उरलेले तर्काने भरता येते. येथे मॅकेंझीचा आराखडाही त्याच्या मदतीला होता. हाताने काढलेल्या त्या चित्रांत चेहरे आणि वस्त्रे गुळगुळीत झाली असतील, पण जागा आणि मोजमापे होती. छायाचित्रांत चेहरे होते, जागा नव्हती. दोन्ही एकत्र ठेवल्यामुळेच बाहेरचा कठडा उभा राहू शकला.

आतल्या भागात मात्र त्याची चूक झाली. उंच, एका बाजूने कोरलेले आणि स्तूपांची, धर्मचक्राची, बुद्धपूजेची दृश्ये असलेले जे पट्ट होते, ते दुसऱ्या, आतल्या कठड्याचे असावेत असे त्याने मांडले. पुढे १८७७ मध्ये रॉबर्ट स्यूएलने आणि १८८१-८२ मध्ये जेम्स बर्जेसने स्थळावर काम केले, आणि बर्जेसच्या अभ्यासातून हे पट्ट आतल्या कठड्याचे नसून स्तूपाच्या मेधीला बाहेरून लावलेले आच्छादन होते, हे स्पष्ट झाले. स्तूपाला एकच मोठा कठडा होता. म्हणजे ज्याला कठडा समजले गेले ती भिंत होती.

या चुकीचे खापर सरसकट छायाचित्रांवर फोडणे न्याय्य होणार नाही. फर्ग्युसनसमोर दगडही होते. तो त्यांची मागची बाजू पाहू शकत होता, आणि कठड्याच्या खांबांच्या अरुंद बाजूंना सूची बसवण्यासाठी असलेल्या भिंगाच्या आकाराच्या खाचा त्याला दिसत होत्या. मुख्य उणीव स्थळावरील नोंदीची होती आणि ती कोणताही कॅमेरा भरून काढू शकत नव्हता. तरीही पद्धतीचा काही वाटा मान्य करावा लागतो. समोरून घेतलेल्या छायाचित्रात पट्टाची जाडी येत नाही. कडेवरील खाच येत नाही. मागची बाजू ओबडधोबड आहे की कोरलेली, ते येत नाही. पट्टाला असलेला अगदी सौम्य बाकही समांतर ठेवलेल्या कॅमेऱ्यात हरवतो, आणि गोल वास्तूच्या बाबतीत तो बाक हाच पट्टाच्या जागेचा पुरावा असतो. कागदावर ओळीने मांडलेल्या चित्रांत खांब आणि आच्छादनाचा पट्ट हे दोन्ही उभे, आयताकृती, कोरीव तुकडे म्हणून सारखेच दिसू लागतात. एकदा ते सारखे दिसू लागले की दोन कठड्यांची कल्पना सहज सुचते.

ब्रिटिश म्युझियममधील मेधीचा एक प्रसिद्ध पट्ट या मुद्द्याला पुष्टी देतो. त्याच्या एका बाजूवर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेले दृश्य आहे, ज्यात बुद्धाची आकृती नाही, तर वृक्ष आणि आसन यांच्यापुढे नमन करणारी माणसे आहेत. सुमारे तीन शतकांनंतर तोच दगड उलटवून त्याच्या मागील बाजूवर नव्या शैलीत संपूर्ण स्तूप कोरला गेला. स्तूप मध्यंतरी पुन्हा बांधला, सजवला गेला याचा हा दगडी पुरावा आहे. दोन बाजूंची दोन वेगवेगळी छायाचित्रे पाहणाऱ्याला, कोणी सांगितले नाही तर, ती दोन वेगळ्या पट्टांची वाटतील. त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध दगडाच्या जाडीत आहे आणि जाडी चित्रात नाही.

भिंतीवर बसलेले दगड

या प्रकरणाची एक बाजू छायाचित्रणाच्या बाहेर जाते, परंतु मला ती त्याच्याशी जोडलेली वाटते. लंडनला गेलेले पट्ट १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले आणि तेथील मुख्य जिन्याच्या भिंतींवर लावले गेले. पुढील उत्खननांत सापडलेल्या आणि मद्रासमध्येच राहिलेल्या पट्टांपैकी कित्येक तेथील संग्रहालयाच्या भिंतीत सिमेंटने बसवले गेले, आणि बर्जेसने त्याविरुद्ध तक्रार केली होती. दोन्ही ठिकाणी दगडाला चित्राप्रमाणे वागवले गेले: एक दर्शनी बाजू, डोळ्याच्या उंचीला, मागे भिंत. सिमेंटमधील क्षार दगडात शिरून त्याच्या पृष्ठभागाला बाधा आणतात हा धोका वेगळाच; पण मागच्या बाजूवर काही कोरलेले आहे का, कडेवर खाच आहे का, हे पाहण्याची शक्यताही त्याबरोबर बंद झाली. या मांडणीला छायाचित्रांनी जन्म दिला असे म्हणता येणार नाही, कारण पट्ट भिंतीला लावण्याची रीत त्याआधीही होती. मात्र दगड हातात नसताना ज्यांनी त्याच्या समोरच्या बाजूच्या प्रतींवरच दोन दशके अभ्यास केला, त्यांना ही मांडणी स्वाभाविक वाटली असल्यास नवल नाही.

उलट उदाहरण अजिंठ्याचे आहे. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून केलेल्या तेथील भित्तिचित्रांच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि गिलने नंतर घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र अनेक प्रतींत पसरलेली असल्याने वाचली. हाताने केलेली नक्कल एकच असते. ट्राइपच्या संचाचेही गिलच्या छायाचित्रांसारखेच झाले: दगड मद्रास, साउथवर्क, फाइफ हाउस, जिना आणि भांडार असे हलत राहिले, चित्रे मात्र निरनिराळ्या संग्रहांत एकाच वेळी अस्तित्वात राहिली.

ब्रिटिश म्युझियममधील पट्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भिंतीवरून काढले गेले, दीर्घकाळ भांडारात राहिले आणि १९९२ पासून हवामान नियंत्रित असलेल्या स्वतंत्र दालनात मांडले आहेत. चेन्नईच्या संग्रहालयात अमरावतीचा आणखी मोठा समूह आहे, आणि काही शिल्पे अमरावतीतील संग्रहालयात आहेत. या सगळ्यांची एकत्रित जुळवणी करू पाहणाऱ्या अभ्यासकाला आजही चार प्रकारची सामग्री शेजारी ठेवावी लागते: मॅकेंझीचा आराखडा जागेसाठी, ट्राइपची चित्रे १८५८ मधील पृष्ठभागासाठी, ग्रिग्जची चित्रे समान प्रमाणासाठी, आणि खुद्द दगड त्याच्या कडा व पाठीसाठी. सर्व बाजूंनी मोजून केलेल्या त्रिमितीय नोंदींमुळे यांतील शेवटची उणीव आता भरून निघू शकते. ज्या तुकड्यांच्या खोदकामाची जागा १८४५ मध्येच नोंदवली गेली नाही, त्यांच्या बाबतीत मात्र आकृत्यांची शैली, दगडाची जाडी आणि खाचांची मापे यांवरूनच अनुमान करावे लागते.